ड्रॅगननं खाल्लेली बत्तीस मेंढरं

मला राग लवकर येतो. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं जे घडलं त्यात दोष माझा किती आणि ड्रॅगनचा किती, ते ज्याचं त्यानं ठरवावं. सासूबाई म्हणायच्या, हिच्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो. त्या असं म्हणाल्या की मला राग यायचा, म्हणजे त्यांचं बरोबरच होतं.

बारामतीत एका कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते. सोमवार ते शनिवार पोरांची जर्नलं तपासते आणि रविवारी दुपारी दोन ते पाच आमच्या गच्चीवरच्या खोलीत ड्रॅगन सोडते. हा नाद मला पुण्याला शिकताना हॉस्टेलवर लागला. खेळ सोपा आहे. चारपाच माणसं टेबलाभोवती बसतात. एकजण गोष्ट सांगतो. जंगलं, किल्ले, राक्षस सगळं त्याच्या तोंडून येतं. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, आपल्या माणसाला काय करायचंय ते सांगतात, आणि ते जमलं का फसलं हे वीस बाजूंचा एक फासा ठरवतो. गोष्ट सांगणारी मी. लग्न होऊन इकडं आले तेव्हा वाटलं, आता हा नाद सुटला. सुटतोय कसला, आणखी तिघांना लागला.

पहिले आमचे हे. अंथुर्ण्याला आमचा ऊस आहे, तो बारामतीतून रोज जाऊन येऊन बघतात. कारखान्याचे सभासद आहेत, आणि बोलून वळवता येणार नाही असा माणूस त्यांना अजून भेटलेला नाही. खेळात ते मांत्रिक झाले. चार वर्षांत एकदाही मंत्र म्हटला नाही, सगळी कामं शत्रूला चहा पाजून केली.

दुसरे तात्या. खालच्या मजल्यावर राहतात, मूळचे बावड्याचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. एका रविवारी ते जिना चढून जाब विचारायला आले होते. "पोरी, वर फासं पडल्याचा आवाज येतोय. जुगार चाललाय का काय?" मी म्हटलं, "तात्या, बसा आणि बघा." बघता बघता तलवार घेऊन योद्धा झाले. पण योद्धा असा, की दारावर लाथ मारण्याआधी विचारणार, दाराच्या मालकाला नोटीस दिलीय का?

तिसरा ह्यांचा शाळेपासूनचा दोस्त. वरकुट्याचा. जेसीबी चालवतो, मला वैनी म्हणतो, आणि उंच एवढा की खोलीत शिरताना आमच्या पंख्याची मला काळजी वाटते. पहिल्या दिवशी मी त्याला विचारलं, "तुम्ही कोण होणार? योद्धा, चोर, मांत्रिक, साधू?"

तो बराच वेळ पेन्सिल फिरवत बसला. मग म्हणाला, "मेंढपाळ चालंल का?"

खेळाच्या नियमांच्या पुस्तकात मेंढपाळ नव्हता. मी म्हटलं, चालेल, त्यात काय.

"मग माझ्यासंगट बत्तीस मेंढरं असत्याल," तो म्हणाला.

बत्तीसच का, ते मला पुढं कळलं, आणि त्याच्याच तोंडून कळलं. त्याच्या वडलांचा कळप होता. आजा, पणजा सगळे मेंढरांमागं हिंडलेले. हा एकोणीस वर्षांचा असताना मशीन चालवायला शिकायला पुण्याला गेला, दिवाळीला गावी आला, तर मेंढरांचा वाडा रिकामा. वडलांनी एका दिवसात अख्खी बत्तीस मेंढरं विकून टाकली होती. ह्याला सांगितलं नव्हतं की विचारलं नव्हतं. ह्यानंही काही विचारलं नाही. त्याला चौदा वर्षं झाली. बापलेक एका घरात राहतात, रोज शेजारी बसून जेवतात, पण मेंढराचा विषय निघाला की दोघांतला एक उठून बाहेर जातो.

"मी नगं म्हणलो असतो असं न्हाय, वैनी," तो म्हणाला. "इका आबा, असंच म्हणलो असतो. मला तरी कुठं हिंडायचं हुतं मेंढरांमागं? पर इचारायचं तरी की एकदा."

एवढा धिप्पाड माणूस हे सांगताना माझ्याकडं बघत नव्हता, भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होता. मला फार वाईट वाटलं. त्या दिवसापासून खेळातल्या बत्तीस मेंढरांना मी जपायला हवं होतं. जपलं नाही, ते पुढं येईलच.

त्या मेंढरांनी आम्हाला काय छळलं म्हणून सांगू! राजवाड्यात चोरी करायला निघायचं आणि मागं बत्तीस मेंढरं. भुतांच्या बोगद्यात शिरायचं तर आधी मेंढरं पाण्यावर न्यायची. एक काळ्या तोंडाची होती, एक लंगडी, एक सदा सगळ्यांच्या पुढं धावणारी. खेळात दिवस मावळला की तो बोटं हलवत मोजणार, आणि बत्तीस भरल्याशिवाय कुणाला झोपू देणार नाही. तात्या म्हणायचे, "अरं, आपुन जग वाचवायला निघालोय." तो म्हणायचा, "वाचवू की. चरू द्या जरा."

आता ड्रॅगन. मला आयुष्यात एकच हौस होती, की माझ्या ड्रॅगनला बघून कुणीतरी घाबरावं. हॉस्टेलवर पोरी किंचाळायच्या. इथं काय झालं ते ऐका.

पहिला ड्रॅगन मी महिनाभर खपून तयार केला होता. डोंगरातली गुहा, खाली सोन्याचा ढीग, त्यावर हा वेटोळं घालून बसलेला, हजार वर्षांचा. आवाज काढायचा सराव मी स्वयंपाकघरात केला होता. "कोण आहे रे तिकडं?" असं मी गरजले. तात्यांच्या हातातला चहा हिंदकळला. मला वाटलं, जमलं!

आमचे हे पुढं झाले. म्हणाले, "राम राम. खालच्या गावचं परमुखपद रिकामं हाय. तुमच्या नावाला कुणाचाच इरोध न्हाय. तुमी फकस्त व्हय म्हणा, बिनविरोध करून टाकू."

मी ड्रॅगनच्या नाकातून धूर काढला. ह्यांनी फासा टाकला. वीस. आमच्याकडं वीस पडले की जे म्हणाल ते होतं, तिथं माझंही काही चालत नाही. ड्रॅगन गावचा प्रमुख झाला. मग तात्यांना जोर आला. दर महिन्याला सभा, विषयपत्रिका, मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणं. हजार वर्षांचं ते जनावर चावडीत मावेना, तरी त्याला बसवलं. तिसऱ्या सभेत गटाराच्या विषयावर दीड तास चर्चा झाली आणि माझा ड्रॅगन सोनंनाणं तिथंच टाकून डोंगरापलीकडं उडून गेला. तो परत आला नाही.

ह्या सगळ्या काळात मेंढपाळ काय करत होता? गुहेच्या तोंडाशी मेंढरं चारत होता. "हितं गवत लय ग्वाड हाय," म्हणाला.

मी आठवडाभर ह्यांच्याशी धड बोलले नाही. मग ठरवलं, पुढचा ड्रॅगन बोलणारच नाही. बोलणं नाही तर वाटाघाटी नाहीत. फक्त जाळणार. आता माझ्या राज्यात मी गहू पेरला होता, पण पहिल्या वर्षभरात ह्या तिघांनी त्याचा ऊस केला होता आणि तात्यांनी मधून कालवा काढला होता. बरं, ऊस तर ऊस. मी खिडक्या लावून घेतल्या, पंखा बंद केला आणि सांगायला लागले. आभाळ लाल झालंय. पंखांचा आवाज येतोय. डोंगराएवढं जनावर वळसा घालून खाली येतंय, त्याच्या घशात जाळ दिसतोय, आणि समोर तुमचा उभा ऊस आहे. वाळलेलं पाचट. वारा सुटलाय.

मी थांबले. तिघंही एकमेकांकडं बघायला लागले. मला वाटलं, आत्ता खरी भीती बसली.

हे हळूच म्हणाले, "कुठल्या अंगानं पेटवणार हाय?"

"म्हणजे?"

"न्हाय, म्हंजी आपली तोड चार महिनं लांबलीय. टोळी येईना. पेटला तर उद्याच तोड."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडं तोडणीची टोळी यायची वाट बघत ऊस उभा वाळतो. पण तोच जळाला, तर लगेच गाळावा लागतो, नाहीतर खराब होतो. म्हणून जळालेल्या उसाला रांग सोडून पुढं घेतात. थोडी कपात होते, पण रान मोकळं होतं. ह्या कारणानं कुणाच्या बांधावर विडी कशी पडते ते सगळ्यांना माहीत असतं आणि कुणालाच माहीत नसतं. आणि इथं तर आभाळातून फुकटात जाळ येत होता.

"आधी पंचनामा," तात्या म्हणाले.

"खालच्या तुकड्यात म्होरल्या लागणीचं बेणं हाय, ते सोडून जाळायला सांगा," हे म्हणाले.

"त्याला बोलता येत नाही!" मी ओरडले.

"मग हातवारं करू."

मेंढपाळ घाईनं उठला. मला वाटलं, चला, एकाला तरी कळलं. तो म्हणाला, "मेंढरं वाऱ्याच्या वरच्या अंगाला घेतो. धूर लागंल त्यास्नी."

त्या दिवशी माझ्या ड्रॅगननं तीन गावांचा ऊस रीतसर, बेणं सोडून, सांगितलेल्या बाजूनं जाळला, आणि तिन्ही गावं त्याला दुसऱ्या वर्षासाठी आगाऊ बोलावून मोकळी झाली. मी फासा टेबलावर आपटला. तो घरंगळत कपाटाखाली गेला, आणि तो काढायला मलाच आडवं व्हावं लागलं. वर हे म्हणतात, "अगं, खेळच हाय, एवढं काय मनाला लावून घेतीस?"

खेळच आहे! हे वाक्य ज्यानं शोधलं तो मला भेटायला पाहिजे एकदा.

त्यानंतर मी जे केलं ते ठरवून केलं. तिघांना कशाचीच भीती नाही, हे मला कळून चुकलं होतं. फक्त एकाला एका गोष्टीची होती. मेंढरं. आणि ड्रॅगननं मेंढरं खाणं ह्यात वावगं काय, जनावराचा तो धर्मच आहे, अशी मी मनाची समजूत घातली. ती बत्तीस कुणाची, कुठून आली, सगळं मला माहीत होतं. तरी केलं.

जानेवारीतला रविवार होता. ओढा उतरताना मी त्यांना गाठलं. माणसं अलीकडं, मेंढरं पलीकडच्या काठावर, आणि ड्रॅगन भुकेला. मी सरळ सांगितलं: तो जाळ टाकणार. फाशावर सतरा किंवा त्याच्या वर पडलं तर अख्खा कळप जाईल, खाली पडलं तर निसटेल.

हे लगेच तोडगा काढायला लागले. "दोन देऊन टाकू. लंगडी आन् ती म्हातारी. तीस वाचत्याल."

मेंढपाळानं त्यांच्याकडं असं बघितलं की हे गप्पच झाले. त्यांना मी कधी तसं गप्प झालेलं बघितलं नव्हतं.

"मी हाक मारतो त्यास्नी," तो म्हणाला. मी म्हटलं, मारा. मला वाटलं, 'मी हाक मारली' असं सांगेल आणि फासा टाकेल. त्यानं खरीच मारली. जीभ टाळ्याला लावून, घशातून काढलेली, रानातली हाक. आमच्या कॉलनीतली सगळी कुत्री उठली. समोरच्या गच्चीवर पापड वाळवणाऱ्या बाई हातातलं टाकून कठड्याशी आल्या. चौदा वर्षांत त्यानं ती मारली नसणार, तरी जराही चुकली नाही.

त्या हाकेचा त्यानं फासा टाकला, दोन पडले, म्हणजे हाक फसली. मग मी ड्रॅगनचा टाकला.

एकोणीस.

"परत टाक," हे म्हणाले.

"फासा एकदाच टाकतात," मी म्हटलं. आता आठवलं की माझ्याच थोबाडीत मारावीशी वाटते. काय बिघडलं असतं? पण तेव्हा मला नियम सुचला. मी त्या कळपाचं काय झालं ते सगळं सांगितलं, आणि चांगलं सांगितलं, ह्याची तर जास्त लाज वाटते.

तो ओरडला नाही, भांडला नाही. "बरं," म्हणाला. मेंढपाळाचा कागद उलटा ठेवला, वाकून दारातून बाहेर पडला, जिना उतरला. बुलेट चालू झाल्याचा आवाज आला आणि मग कुत्री पुन्हा भुंकायला लागली.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. फोन केला तर म्हणाला, मशीन लांब कामाला लागलंय. हे माझ्यावर उखडले, मी त्यांच्यावर उखडले. "तुला ठावं हुतं ना? मग?" एवढंच ते म्हणत होते. खोट्या मेंढरांवरून आमच्या घरात दोन दिवस अबोला होता हे मी माहेरी कुणाला सांगितलेलं नाही.

तोड तात्यांनी काढली. म्हणाले, "भेटून यायला पायजे."

"कुणाला?"

"त्याला. मेंढरं गेली त्याची. आपल्यात कुणाचं काही गेलं तर आपुन भेटून येतो का न्हाय?"

"तात्या, खोटी मेंढरं होती."

"मेंढरं खोटी हुती, पोरी, पर त्वांड पडलं हुतं का न्हाय माणसाचं? मग झालं."

तर आम्ही निघालो. मी जाताना पेढे घेतले होते, रुसवा काढायला म्हणून. तात्यांनी गाडीत बसता बसता डबा बघितला आणि कपाळाला हात लावला. "दुखवट्याला पेढं नेत्यात व्हय?" डबा घरी ठेवून यावं लागलं. तात्यांनी धुवट टोपी घातली होती. ह्यांनी पांढरा शर्ट. मला पण रंगीत साडी नेसवेना. माणूस एकदा रीतीत शिरला की शिरतच जातो.

वरकुट्याला पोचलो तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. ओसरीवर त्याचे वडील बाजेवर बसले होते, पटका बांधलेला, गुडघ्याला फडकं गुंडाळलेलं. आम्ही पायऱ्या चढलो. आता भेटायला गेलं की काय करतात ते अंगवळणीच पडलेलं असतं. तात्या आधी बसले, मान खाली घातली. त्यांचं बघून हे बसले, मान खाली. मी पदर घेऊन बसले. कुणी काही बोलेना. म्हातारबाबा आमच्याकडं एकेकाला बघायला लागले.

आमच्या मेंढपाळाची बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली, आम्हाला तसं बसलेलं बघितलं, आणि तांब्या तिथंच ठेवून तोंडाला पदर लावला. "कोण गेलं वो?" तिनं विचारलं. कुणाला काय सांगावं कळेना. ती तशीच शेजारी गेली असावी, कारण दोन मिनिटांत दोन बाया आल्या. मागून टोपी घातलेले तीनचार बाप्ये. दहा मिनिटांत अंगण भरलं. एकजण येऊन तात्यांच्या शेजारी मान खाली घालून बसला, त्याला काही माहीत नव्हतं. दुसऱ्यानं दबक्या आवाजात ह्यांना विचारलं, "माती कवा हाय?"

आमचे हे, ज्यांनी ड्रॅगनला बिनविरोध निवडून आणलं, ते जमिनीकडं बघत बसले होते. मला हसू यायला लागलं आणि रडूही, आणि दोन्ही दाबताना घशातून काहीतरी भलताच आवाज आला. तो ऐकून शेजारची बाई माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली.

शेवटी तात्यांनी घसा साफ केला. "मेंढरं गेली," म्हणाले.

"कुणाची?"

"ह्यांची."

सगळ्यांनी वळून गोठ्याकडं बघितलं. गोठ्यात दोन म्हशी होत्या आणि त्याही आमच्याकडंच बघत होत्या.

"ह्यांच्यात मेंढरं कुठायत?" एकजण म्हणाला.

तेवढ्यात तो मागच्या दारातून आला. नुकती अंघोळ केलेला, खांद्यावर टॉवेल. अंगणातली माणसं बघितली, तात्यांची टोपी बघितली, मला बघितलं, आणि त्याला सगळं कळलं. कानापर्यंत लाल झाला. "वैनी, आवो, हे काय?"

मी उभी राहिले. एवढी माणसं समोर, पण म्हटलं आता काय राहिलंय. "चुकलं माझं," मी म्हणाले. "मी मुद्दाम केलं. मला माहीत होतं ती कसली मेंढरं आहेत, तरी केलं." मग म्हातारबाबांकडं वळून सगळा खेळ सांगितला. टेबल, फासा, ओढा, ड्रॅगन. ड्रॅगन म्हणजे पंख असलेलं, जाळ टाकणारं जनावर, असं सांगितलं. मला वाटलं, आता अंगणभर हशा पिकणार. पण भेटायला म्हणून आलेली माणसं होती. ती हसली नाहीत, ऐकत राहिली.

म्हातारबाबांनी विचारलं, "किती हुती?"

"बत्तीस," मी म्हणाले.

त्यांनी पोराकडं बघितलं. पोरानं खाली. मग ते एकदम कडाडले, "कुत्रं कुठं हुतं?"

"कुत्रं घेतलं न्हवतं," तो म्हणाला.

"बिनकुत्र्याची मेंढरं घिऊन वढा उतारतोस? आन् जाळी? मेंढरांभवती जाळी लावली हुतीस का?"

"चालतीला हुतो, आबा. जाळी कुठनं लावू?"

"वारं कुठलं हुतं?" हे त्यांनी मला विचारलं.

वारं मी ठरवलंच नव्हतं. "पश्चिमेचं," मी ठोकून दिलं.

"आन् ह्यानं मेंढरं पल्याड नेली! म्हंजी आमंत्रनच दिलं की जनावराला. माणसानं म्होरं उतरायचं असतंय, मेंढरं मागनं. शिकवलं न्हवतं तुला?" अंगणातल्यांनाही चेव चढला. एकजण म्हणाला, फटाके वाजवायला पायजे हुतं. दुसऱ्यानं विचारलं, त्ये जनावर अंडी देतंय का पिल्लू? आणि हा सहा फुटी गडी, तेहेतीस वर्षांचा, टॉवेल पिळत उभा राहून बापाला एकेक उत्तर देत होता. मेंढराचा विषय निघाला होता आणि दोघांतलं कुणीही उठून गेलं नव्हतं.

म्हातारबाबा दमले. पाणी प्याले. मग मला विचारलं, "बाई, फासा टाकायच्या आदी तू ह्याला इचारलं हुतंस का?"

"विचारलं नव्हतं," मी म्हणाले.

"सांगितलं हुतं त्यांनी," तो मध्येच बोलला. माझी बाजू घेतोय हे कळून मला आणखीच लाज वाटली. "सतराच्या वर पडलं तर जात्याल म्हणून, आदीच."

"सांगितलं तरी," म्हातारबाबा म्हणाले. "म्या तेवढंबी केलं न्हाय."

"गुडघं गेलं हुतं माझं," ते म्हणाले. पोराला सांगत होते, पण बघत होते गोठ्याकडं. "मला वाटलं, तू आलास की नगं म्हणशील. रडशील. मग माझ्यानं व्हायचं न्हाय. म्हून तू यायच्या आत इकली. चौदा वर्सं झाली. चुकलं."

"मी इका म्हणलो असतो, आबा."

"व्हय?"

"व्हय."

म्हातारबाबा त्याच्याकडं बघतच राहिले. मग पटक्याच्या टोकानं डोळे पुसले. माझ्या शेजारची बाई केव्हापासूनच पुसत होती, आणि आमचे हे तर खांब धरून उभे होते.

"बाई," थोड्या वेळानं म्हातारबाबा म्हणाले, "तुझ्या त्या खेळात बाजार भरतो का?"

"भरतो," मी म्हणाले. तोवर कधी भरला नव्हता.

"मेंढरं मिळत्यात?"

"मिळतात."

ते बाजेवर जरा सावरून बसले. पोराकडं वळले. विचारायची सवय नव्हती, त्यामुळं आवाज नीट लागला नाही, पुन्हा खाकरून बोलावं लागलं.

"घ्यायची का रं?"

तो टॉवेलनं तोंड पुसायला लागला. पुसतच राहिला. आम्ही सगळे, अंगणातली ती बिनकामाची पंधरा-वीस माणसंसुद्धा, तो काय म्हणतो त्याची वाट बघत बसलो.

"घ्या," तो म्हणाला.